बालवयातील हिपॅटायटिस-बी लस : संरक्षण किती वर्षांचे?

"मुलाला जन्मतःच ब काविळीची लस दिली होती. आता तो महाविद्यालयात जातो. पुन्हा द्यावी लागेल का?" आमच्या लसीकरण विभागात पालकांकडून हा प्रश्न वारंवार विचारला जातो. एका सन्माननीय देणगीदारांनी शाळकरी मुलांना बूस्टर मात्रा देण्याच्या शिबिरासाठी भरीव रक्कम देऊ केली, तेव्हा त्याचे उत्तर शोधणे आम्हांस अगत्याचे झाले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रात त्याचा अधिकार नाही. परंतु देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्यास द्यावा लागतो. म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते येथे नमूद करीत आहे.

लशीच्या मात्रा पूर्ण झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरमागे १० मिलि-युनिट वा अधिक असल्यास व्यक्ती संरक्षित समजली जाते. वर्षे लोटतात तसे हे प्रमाण घटते, आणि पंधरा-वीस वर्षांनी केलेल्या तपासणीत अनेकांचा आकडा दहाच्या खाली आलेला दिसतो. तो पाहून पालक धास्तावतात. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही केवळ हातातील रोकड होय. ठेव निराळी असते. लशीमुळे शरीरात स्मृतिपेशीही निर्माण होतात. विषाणूचा शिरकाव झाल्यापासून आजार प्रकट होईपर्यंत साधारणतः दीड ते सहा महिने जातात. स्मृतिपेशी मात्र काही दिवसांतच नवी प्रतिपिंडे घडवू लागतात.

अलास्कामध्ये १९८१ साली सहा महिन्यांवरील मुलांना व प्रौढांना ही लस देण्यात आली होती. तीस वर्षांनी त्यांच्यापैकी काहींची तपासणी झाली, तेव्हा सुमारे निम्म्या जणांचे प्रमाण दहाच्या खाली आले होते. अशांना एक मात्रा देताच दहांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या शरीराने तत्काळ प्रतिसाद दिला. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात अर्भकांना लस देण्यास प्रारंभ झाला. तैपेई शहरातील पंधरा वर्षांखालील मुलांत या विषाणूच्या वाहकांचे प्रमाण १९८४ मधील ९.८ टक्क्यांवरून १९९९ पर्यंत ०.७ टक्क्यांवर आले. म्हणूनच सर्व मात्रा पूर्ण झालेल्या निरोगी व्यक्तीस बूस्टरची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. डायलिसिसवरील रुग्ण, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण आणि रक्ताशी नित्य संबंध येणारे रुग्णालयीन कर्मचारी यांची गोष्ट वेगळी. त्यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावयास हवी.

हे सारे लस वेळेवर मिळालेल्यांविषयी झाले. बाधित मातेकडून जन्मसमयी संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के अर्भकांत तो कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी संसर्ग झाल्यास हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. यास्तव पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. येथे आमचीच एक उणीव मान्य करणे प्राप्त आहे. लशीचा शीतकपाट बाह्यरुग्ण विभागात होता आणि त्याची किल्ली सुटीच्या दिवशी कार्यालयात, म्हणजे माझ्याच कपाटात, बंद असे. शनिवारी सायंकाळी जन्मलेल्या बाळास सोमवारी लस मिळे. शिबिराचा हिशेब मांडताना नोंदवही चाळली नसती, तर हे ध्यानातही आले नसते.

देणगीदारांना हे सर्व प्रांजळपणे सांगितले. त्यांच्या संमतीने सदर रकमेतून प्रसूतिकक्षालगत स्वतंत्र शीतकपाट बसविण्यात आला व सफाई कर्मचाऱ्यांसह सर्व सेवकवर्गाच्या लसीकरणाची तरतूद करण्यात आली. किल्ली आता पाळीवरील परिचारिकेकडे असते.

पालकांस एक विनंती. शासकीय कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये काही निवडक जिल्ह्यांत व शहरांत आली आणि देशभर पोहोचण्यास २०११-१२ उजाडले. त्यामुळे आज विशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नसण्याचा संभव आहे. बूस्टरची चौकशी करण्यापूर्वी घरातील जुने लसीकरण कार्ड शोधावे आणि येताना ते सोबत आणावे.