नांवाचा रकाना

प्रवेशाचा, परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज हल्लीं बहुधा संगणकावर भरावा लागतो, आणि त्यांतील पहिला रकाना नांवाचा असतो. दिसावयास हा रकाना अगदीं साधा. परंतु तो नीट बांधणें ही वेब-ॲप्लिकेशन रचणाराच्या कसबाची खरी परीक्षा होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक पुढें हा धंदा पत्करतील. त्यांजकरितां या एकाच रकान्याचा विचार येथें करूं.

संगणकास अक्षरें ठाऊक नाहींत. त्यास अंकच कळतात. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतांत प्रत्येक वर्णास व चिन्हास एकेक क्रमांक दिलेला आहे. 'क' चा क्रमांक २३२५. आतां 'क्षितिज' हें नांव घ्या. वाचणारास त्यांत तीन अक्षरें दिसतात. युनिकोडाच्या हिशेबीं मात्र क, हलन्त-चिन्ह, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी व ज मिळून ७ खुणा होतात. आणि यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट जागा घेत असल्यामुळें एकंदर २१ बाइट भरतात. रोमन लिपींत तेंच नांव ७ बाइटांत मावतें. ज्यानें केवळ रोमन नांवें डोळ्यांपुढें ठेवून २० बाइटांची कात्री लावली, त्याच्या अर्जांत या मुलाचा 'ज' मध्येंच कापला जाऊन त्या जागीं काळ्या शंकरपाळ्यांतलें प्रश्नचिन्ह उमटतें. प्रमाणपत्रावर असें नांव आलें, तर तें सुधारून घेण्यासाठीं आईबापांस किती खेटे घालावे लागतात, हें सांगावयास नको.

म्हणून कोड लिहिण्यापूर्वींच चाचणीच्या नांवांची यादी करावी. तींत एकाक्षरी नांव असावें, लांबलचक असावें, रिकामा रकाना असावा, आणि डिसूझा हें आडनांव रोमन लिपींत अवश्य असावें. वसईकडे व गोव्यांत हें आडनांव सर्वांच्या परिचयाचें. त्यांतील 'डी' नंतर वर लोंबणारा जो स्वल्पविराम येतो, तोच डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेंत मजकूर संपल्याची खूण आहे. नांव जसेंच्या तसें आज्ञेंत चिकटविलें, तर मजकूर 'डी' पाशींच तुटतो व उरलेलें 'सूझा' आज्ञेचा भाग समजलें जातें. याच फटींतून दुष्ट मनुष्य आपली आज्ञा आंत सरकवूं शकतो. कांहीं लोक यावर तें चिन्हच वर्ज्य करितात! आमच्या मतें हा उपाय नव्हे. नांव ज्याचें त्याचें आहे, प्रोग्रामरचें नव्हे. आज्ञा आधीं निराळी तयार ठेवून नांव तिला केवळ माहिती म्हणून पुरवावें, म्हणजे धोका टळतो.

ब्राउझरमधील तपासणी ही भरणाराच्या सोयीसाठीं. ब्राउझर टाळूनही सर्व्हरकडे मजकूर पाठवितां येतो. तेव्हां खरी तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे.

सर्वांत फसवें उदाहरण 'गोऱ्हे' या आडनांवाचें. त्यांतील अर्धा र दोन प्रकारें लिहितां येतो: एकांत खालीं टिंब असलेला स्वतंत्र र व हलन्त-चिन्ह, दुसऱ्यांत साधा र, हलन्त-चिन्ह व डोळ्यांस न दिसणारी एक जोडखूण. आपणांस दोन्ही सारखीं. संगणकास मात्र तीं दोन भिन्न नांवें. एका प्रकारें नोंदलेला विद्यार्थी दुसऱ्या प्रकारें शोधला असतां "असा विद्यार्थी नाहीं" असें उत्तर येतें, आणि बिचारा समोर उभा असतो. साठवितांना व शोधतांना दोन्ही वेळां नांव एकाच रूपांत आणावें, व तो नियम कोडमध्यें एकाच ठिकाणीं लिहावा. दहा ठिकाणीं लिहिलेला नियम नऊच ठिकाणीं सुधारला जातो. असा दोष सांपडला कीं त्याची चाचणी यादींत कायमची घालावी, आणि कोडमध्यें अल्पसाही बदल झाला तरी सारी यादी संगणकाकडूनच पुन्हा तपासून घ्यावी. हें काम हातानें करूं म्हणणारा दुसऱ्याच आठवड्यांत कंटाळतो.

भरणाराची चूक आढळल्यास "अर्ज अवैध" एवढेंच सांगून सारे रकाने पुसून टाकूं नयेत. कोणत्या रकान्यांत काय हवें तें सोप्या मराठींत लिहावें, व बाकी भरलेलें जसेंच्या तसें राहूं द्यावें. पुष्कळ पालक हा अर्ज लहानशा फोनवर, एका बोटानें, भरीत असतात.