मुदत

घरच्यांनी मला दोन वर्षं दिली होती. माझ्या चुलतभावाला मात्र कुणी असं काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं २०१९ ला कन्नडहून बी.ए. करून एकाच महिन्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्याला गेलो. मला बजावलं होतं, ‘दोन वर्षं, मग स्थळं बघायची.’ त्याला सांगितलं, ‘पोस्ट काढूनच ये.’ तेव्हा मला याचा फार राग यायचा, आजही थोडा येतोच. पण आता मी कन्नडमध्ये ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवते. विशी-बाविशीची पोरं-पोरी रोज समोरच्या स्टुलावर बसतात. त्यांच्याकडे बघून माझं मत बनलंय ते असं: मुलींना मुदत मिळते हे जाचक आहे, पण उपयोगाचं आहे. मुलांना ती मिळत नाही, हा त्यांच्यावर लाडापोटी होणारा अन्याय आहे.

पुण्याचं वर्णन करत नाही, ते आपल्या तालुक्यात घरोघरी माहीत आहे. कॉट बेसिसवरची जागा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसचा डबा. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला ठरलेली होती. कोरोना आला आणि ती पुढे गेली, मग पुढची तारीख गेली, मग त्यापुढचीही. आम्ही गावी बसून पुण्यातल्या कॉटचं भाडं भरत होतो, कारण कॉट सोडली तर परत मिळायची नाही अशी भीती. शेवटी १४ मार्च २०२१ ठरली. तीन दिवस आधी तीही पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि २१ मार्चला एकदाचा पेपर झाला. माझ्या दोन वर्षांतलं एक वर्ष असं एका परीक्षेने खाल्लं. निकालात थोडक्यात हुकलं. वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, “मग, येतीस का?” मी आले.

चुलतभाऊही थोडक्यातच हुकला होता. तो राहिला.

पन्नास गुणांनी मागे पडलेला पोरगा एक-दोन परीक्षांत शहाणा होऊन गावी येतो. दोन गुणांनी हुकलेला आणखी तीन वर्षं तिथेच घालवतो. आपण अगदी दारात उभे आहोत असं त्याला वाटत असतं. त्या दोन गुणांच्या पट्ट्यात आपल्यासारखेच किती जण दाटीवाटीने उभे आहेत, हे कट-ऑफचा आकडा सांगत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीचं उदाहरण घ्या. जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त आले. एका जागेमागे दोनशेवर माणसं. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीवला ९००, तेही परत न मिळणारं. इतक्या गर्दीत दोन गुण म्हणजे फार मोठं अंतर असतं.

आमच्याकडे अद्रक असते. अद्रकीचं एक बरं असतं, भाव पडलेला असला तर लगेच काढावी लागत नाही, जमिनीत राखून ठेवता येते. पण राखली आणि वरून पाऊस लागून राहिला की सड लागते, मग भाव येऊनही उपयोग नाही. माझे वडील लागवडीच्या वेळीच ठरवून टाकतात: अमुक महिन्यापर्यंत भाव आला तर ठीक, नाही तर मिळेल त्या भावाने काढायची. भाव बघत बघत ठरवायला गेलं की माणूस जागचा हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते शाळेत फार गेले नाहीत, पण स्पर्धा परीक्षेविषयी याहून कामाचं मला पुण्यातल्या एकाही क्लासात कुणी सांगितलं नाही.

म्हणून समोर येणाऱ्या पोरांना मी सांगते, मुदत पुण्याची एस.टी. पकडण्याआधी ठरवा. निकालाच्या रात्री ठरवायला बसू नका, त्या रात्री डोकं ठिकाणावर नसतं. आणि सरकारची वयोमर्यादा ही आपली मुदत धरू नका. एमपीएससीला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहेत. ती सवलत आहे, तोवर बसून राहा असा सल्ला नाही. पोलीस शिपाई भरतीला २८ आणि ३३ आहेत, आणि तिथे मुलांना सोळाशे मीटर धावायचं असतं, त्यामुळे वय काय करतं ते पोरांना ग्राउंडवरच कळतं. अभ्यासिकेत बसणाऱ्याला ते उशिरा कळतं.

नुसती वर्षं मोजूनही भागत नाही, हे २०२० ने दाखवलं. परीक्षाच झाली नाही तर वर्ष गेलं म्हणून काय ठरवणार? आणि नुसत्या परीक्षा मोजल्या तर त्या लांबतच राहतात. दोन्ही ठेवा: इतक्या पूर्व परीक्षा किंवा अमुक तारीख, जे आधी येईल ते. तेवढ्यात एकदाही मेन्सपर्यंत पोचलो नाही तर परत यायचं. पोचलो तर एकदाच वाढवून घ्यायची, पुन्हा नाही. हे कागदावर लिहा आणि महिन्याला जो पैसे पाठवतो त्याच्या हातात द्या. महिन्याचा खर्चही त्याच कागदावर येऊ द्या. मेस, भाडं, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, चहा. घरच्यांना आकडा सांगायची आपल्याला लाज वाटते, आणि त्यांना विचारायची. मधल्या मधे उसनवारी वाढते.

दुसरं, गुंतवून ठेवणारं एखादं काम त्याच काळात शिकून घ्या. क्लार्क-टायपिस्टच्या पदाला मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द लागतात. ते प्रमाणपत्र गावात राहून, घरचं खाऊन मिळतं. पण ‘डेप्युटी कलेक्टर’ व्हायला निघालेला पोरगा टायपिंगच्या क्लासला जायला कमीपणा मानतो, आणि चार वर्षांनी क्लार्कची जाहिरात आली की माझ्याकडे येऊन विचारतो, “ताई, टायपिंग नंतर दिलं तर चालतं का?” मी लॉकडाऊनमध्ये कंटाळा घालवायला टायपिंग शिकले. आज दुकान चालतं ते त्यावर.

आता कागदपत्रांचं. हे नीरस वाटेल, पण विशीतली निम्मी रडारड मी यावरच पाहिली आहे. परवा नागदकडचा एक पोरगा शेवटच्या संध्याकाळी आला. घाटाखालून, तीन गाड्या बदलून. फॉर्म उघडला तर ओटीपी जातोय तो पुण्यातल्या कुठल्या तरी कॅफेवाल्याच्या नंबरवर, कारण पहिली नोंदणी त्यानेच ‘लवकर आटपू’ म्हणून स्वतःचा मोबाईल टाकून करून दिली होती. पोरगा त्याला फोन लावत होता, तो उचलत नव्हता. वेबसाइटवरचं घड्याळ चालू. माझ्या दुकानात त्या वेळी बाकीची पोरंही गप्प झाली. नंबर आणि ईमेल स्वतःचेच टाका, सिम बंद पडू देऊ नका, पासवर्ड वहीत लिहा. मोबाईल हरवतो, वही सहसा हरवत नाही.

दहावीच्या कागदावर आईचं नाव ‘सुमनबाई’ आणि आधारवर ‘सुमन’, एवढ्यावरही कागदपत्र तपासणीत माणूस अडकतो. नॉन-क्रीमी लेयरवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती वाचा. जात वैधतेचा अर्ज निवड झाल्यावर करू म्हणून ठेवू नका. आणि मुलींसाठी खास: लग्न झालं की सासरची मंडळी हौसेने आधी आधारवर नाव बदलून आणतात. एखाद्या भरतीचा फॉर्म भरलेला असेल तर ती संपेपर्यंत थांबायला सांगा. नाव बदलायचंच तर विवाह नोंदणी आणि राजपत्र, दोन्ही हाताशी ठेवा. माझं स्वतःचं नाव माझ्या निरनिराळ्या कागदांवर तीन तऱ्हेने आहे, तेव्हा हे ऐकीव नाही.

‘लावून देतो’ म्हणणाऱ्यांविषयी फार लिहायला नको. जो मूळ गुणपत्रिका आणि कोरा चेक मागतो त्याला चहासुद्धा पाजू नका.

मुलींच्या मुदतीचं मी गुणगान करतेय असं कुणी समजू नये. ती मुदत आमच्या भल्यासाठी कुणी ठरवत नाही. वय वाढलं की स्थळं येत नाहीत म्हणून ठरवली जाते, आणि चांगली चाललेली पोरगी मेन्सच्या तोंडावर घरी बोलावून घेतलेलीही मी पाहिली आहे. लग्नाशी बांधलेली मुदत वाईटच. पण आपली आपण, थंड डोक्याने बांधलेली मुदत मुलगा-मुलगी दोघांनाही हवी.

चुलतभाऊ अजून पुण्यात आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला तारीख विचारली, तर म्हणाला, “तुला जमलं नाही म्हणून मला खाली ओढतेस का?” त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. काका आता त्याच्याशी धड बोलत नाहीत, मला विचारतात: पैसे बंद करू का? मी त्यांना सांगते, एकदम बंद करू नका, पोरं अशाने नको त्या वाटेला जातात. “निकालाचं काय झालं?” हेही दर फोनला विचारू नका. समोर बसवा, सहा महिन्यांनंतरची तारीख सांगा, आणि त्या सहा महिन्यांचे पैसे त्याच दिवशी त्याच्या हातात देऊन टाका.