फुकट मिळालेली जुनी शिडाची होडी कितीला पडते?

अमेरिकेत तळ्याजवळ बस्तान बसलं, पोरं हाताशी आली, की शिडाच्या होडीच्या जाहिराती नजरेत भरू लागतात. गाडीमागे ट्रेलरवर नेता येणारी जुनी होडी हजार-दोन हजार डॉलरला मिळते. कधी ‘घेऊन जा’ म्हणून फुकटही. पण होडीची किंमत हा खर्चाचा लहानसाच भाग असतो.

खालचा हिशेब कॅटालिना-22 धरून केला आहे. कॅलिफोर्नियात फ्रँक बटलर यांनी आणलेली ही साडेएकवीस फुटी फायबरची होडी पंधरा हजारांहून अधिक बांधली गेली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. रकमा अंदाजे आहेत. यार्डाची मजुरी तासाला 100 ते 150 डॉलर धरा. म्हणजे स्वतःच्या हाताने किती काम होईल, यावरच बजेट ठरतं.

कील : पहिला पैसा इथे

जुन्या कॅटालिनांत बहुधा वर-खाली होणारी कील असते. सुमारे 250 किलोचं हे बिडाचं पातं एका पिनवर झुलतं आणि पोलादी केबलने विंचला टांगलेलं असतं. कील वर घेतली की दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच फूट लागतं. केबल तुटली तर कील आपटून फायबर फुटू शकतं.

कीलचं टोक धरून बाजूला हलवून पाहा. थोडी हलणारच; पण ठकठक आवाज येत असेल तर पिन आणि तिचे आधार झिजले आहेत. वेगात असताना केबल पाण्यात गुणगुणते, त्याला घाबरू नका. नवी केबलही गुणगुणते.

खर्च : नुसती केबल आणि तिची जोडणी 50 ते 100 डॉलर; पिन, आधार, केबल असा पूर्ण संच 300 ते 500. कील उतरवून, गंज काढून इपॉक्सी चढवायचं काम यार्डाला दिलं तर 1,500च्या पुढे.

डोलकाठी आणि डेक

डोलकाठी उभी धरणारे तारेचे तणावे कधी बदलले हे मालकाला सांगता आलं नाही, तर ते बदलायचेच. तारेवरून टिश्यू पेपर फिरवा. कागद अडकून फाटला तर तिथला पदर तुटला आहे. खालच्या जोडाजवळ नीट बघा, पाणी तिथेच मुरतं. नवा संच 400 ते 600 डॉलर.

मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत चला. कोरड्या डेकचा आवाज टणक येतो; आतलं लाकूड कुजलं असेल तर बद्द. डोलकाठीच्या बुडाशी आवाज बद्द येत असेल किंवा डेक खचला असेल, तर सावध. हातभर तुकडा घरी दुरुस्त करायला 150 ते 300 डॉलरचं सामान लागतं. अर्धा डेक कुजला असेल, तर यार्डाचं बिल होडीच्या किमतीच्या कितीतरी पट येईल.

ट्रेलर आणि तुमची गाडी

होडी पाहताना ट्रेलर पाहायचा राहून जातो. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा : 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. टायर, बेअरिंग, दिवे मिळून 400 ते 900 डॉलर. ब्रेक बसवायचे तर आणखी 500.

होडी, ट्रेलर आणि सामान मिळून वजन 3,000 ते 3,500 पौंड भरतं. सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा 1,500 पौंड, म्हणजे विषयच संपला. सिएनाची 3,500, त्यात घरची मंडळी बसली की काहीच हातचं उरत नाही. 5,000 पौंड ओढणारी गाडी हवी.

इंजिन, शिडं, कागदपत्रं

चार ते सहा हॉर्सपॉवरचं, लांब शाफ्टचं आउटबोर्ड पुरतं. कार्बोरेटरची सफाई आणि सर्व्हिसिंग 150 ते 400 डॉलर. नवं इंजिन 1,500 ते 2,500. नव्या शिडांची जोडीही जवळपास तेवढ्यालाच. चांगली वापरलेली जोडी 300 ते 600ला मिळू शकते.

वायरिंग आणि एलईडी दिवे 150 ते 300. लाइफ जॅकेट्स आणि अग्निशामक मिळून 150 ते 250. एप्रिल 2022 पासूनच्या नियमानुसार एकदाच वापरायचं अग्निशामक उत्पादनाच्या तारखेपासून 12 वर्षांनी बाद होतं. तळाची तारीख बघा. होडीचे आणि ट्रेलरचे कागद वेगळे असतात. दोन्ही हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुधारणा कोणत्या घ्याव्यात?

शिडाचे दोर मागे, बसल्या जागी आणून घेणं स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. लाटांत डेकवर जावं लागत नाही. पुढचं शीड गुंडाळणारा फर्लर 700 डॉलरच्या आसपास पडतो; तो दुसऱ्या हंगामात घ्या. नव्या गाद्या, नवा रंग सगळ्यात शेवटी. होडी ट्रेलरवरच राहणार असेल, तर तळाला शेवाळरोधक रंग द्यायची गरज नाही.

एकूण हिशेब

कील, तणावे, ट्रेलर, सर्व्हिसिंग, वायरिंग आणि सुरक्षा, हे सगळं घरच्या मजुरीने दीड ते तीन हजार डॉलर. शिडं आणि इंजिनही नवी घ्यावी लागली, तर वर आणखी तीन ते पाच हजार. म्हणजे फुकटची होडी आठ हजारांपर्यंत जाऊ शकते. नीट राखलेली, पाण्यात उतरायला तयार होडी चार-पाच हजारांना मिळत असेल, तर तीच घ्या. फुकटची घ्यायची ती कील, डेक आणि ट्रेलर तिन्ही धड असतील तरच. यातली दोन बिघडलेली असतील, तर मालकाला नमस्कार करून परत फिरा.