थंडीची सकाळ, पॅनेलची जोडणी आणि चार्ज कंट्रोलरची मर्यादा

हरभऱ्याचे घाटे भरू लागले आहेत आणि रोही व रानडुकरांचे कळप रात्री शिवारात उतरत आहेत, अशा या दिवसांत विदर्भातील घाटाखालच्या रोहिणखेड परिसरातील शेतकऱ्यांना सर्वाधिक भेडसावणारी अडचण किडीची किंवा रोगाची नसून सौर कुंपणाच्या विजेची आहे. पॅनेलकडून येणारी वीज बॅटरीला झेपेल अशा बेताने सोडणारे उपकरण म्हणजे चार्ज कंट्रोलर. तो कडाक्याच्या थंडीत सूर्योदयानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात जळतो, त्यानंतर बॅटरी भरत नाही, काही रात्रींत कुंपणाचे झटका मशीन बंद पडते आणि बिघाड लक्षात येतो तो पीक खाल्लेले दिसल्यावरच. दोष बहुधा बॅटरीला दिला जातो, नवी बॅटरी आणली जाते आणि तीही रिकामीच राहते. पॅनेल पुसणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, तारेला टेकलेले गवत काढणे ही कामे शेतकऱ्यांना ठाऊकच आहेत. येथे प्रश्न पॅनेल एकमेकांना कसे जोडले याचा आहे.

प्रत्येक चार्ज कंट्रोलरला पॅनेलच्या बाजूने दोन मर्यादा असतात, एक व्होल्टेजची आणि दुसरी करंटची, आणि त्या दोन्ही सारख्याच कडक मानण्याची चूक सर्रास होते. करंटची मर्यादा ओलांडली तर चांगला एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती मिळेल तो बिंदू सतत शोधत राहणारा कंट्रोलर, आपल्या क्षमतेइतकाच करंट घेतो आणि उरलेला सोडून देतो. विहिरीला पाणी कितीही असले तरी पंप आपल्या ताकदीइतकेच उपसतो, तसाच हा प्रकार आहे. व्होल्टेजच्या मर्यादेला मात्र अशी सवलत नाही. कंट्रोलरवर १०० व्होल्ट लिहिलेले असेल आणि पॅनेलकडून १०४ व्होल्ट आले, तर आतील अर्धवाहक भाग क्षणात निकामी होऊ शकतात, आणि अशा बिघाडाला बहुतेक कंपन्यांची हमी लागू होत नाही.

येथे पॅनेलच्या मागील लेबलवरील एकच आकडा निर्णायक ठरतो, तो म्हणजे ‘व्हीओसी’: पॅनेलला कोणताही भार जोडलेला नसताना त्याच्या दोन टोकांमध्ये मिळणारे व्होल्टेज. हा आकडा पॅनेलच्या पेशींचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना मोजलेला असतो. सिलिकॉनच्या पेशी तापल्या की व्होल्टेज उतरते आणि गारठल्या की चढते, व हा फरक दर अंशाला सुमारे ०.३ टक्के असतो. नेमका आकडा लेबलवर किंवा पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. आता बाजारात सहज मिळणाऱ्या ५४० वॉटच्या पॅनेलचे व्हीओसी सुमारे ४९.५ व्होल्ट असते. अशी दोन पॅनेल एकसर जोडली, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडले, तर व्होल्टेजची बेरीज होऊन ९९ व्होल्ट होतात, आणि १०० व्होल्टच्या कंट्रोलरला ते कागदावर बसतात. पेशींचे तापमान ५ अंशांवर आले की मात्र २० अंशांच्या फरकामुळे ६ टक्के वाढ होऊन तेच व्होल्टेज जवळजवळ १०५ वर जाते.

पाच अंशांचा हिशेब अतिशयोक्त वाटण्याचे कारण नाही. थंडीच्या लाटेत विदर्भात किमान तापमान दहा अंशांखाली उतरते; त्यातच डोंगरउतारावरील गार हवा रात्री पायथ्याकडे सरकून सखल भागात साचते, त्यामुळे घाटाखालच्या अशा शिवारात पहाटेचा गारवा अधिक असतो. शिवाय निरभ्र रात्री पॅनेलची काच आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. सकाळी काचेवर दिसणारे दव हीच त्याची खूण. ऊन कोवळे आहे म्हणून व्होल्टेज कमी असेल हा समजही चुकीचा आहे, कारण उजेड घटला की करंट त्या प्रमाणात घटतो, पण व्होल्टेज फारसे घटत नाही. उजेड पूर्ण उन्हाच्या एक-पंचमांश असला तरी व्हीओसी नव्वद टक्क्यांहून अधिक राहते. त्यामुळे सूर्य वर आला आहे पण पॅनेल अजून तापलेले नाही, ही वेळ सर्वांत धोक्याची असते.

उन्हाळ्यात केलेली जोडणी यामुळेच फसवी ठरते. मे महिन्यात पेशी ६५ अंशांपर्यंत तापलेल्या असताना त्याच दोन पॅनेलवर मल्टिमीटर सुमारे ८७ व्होल्ट दाखवतो, वायरमन समाधानाने निघून जातो आणि कंट्रोलर जळायला डिसेंबर उजाडावा लागतो. घाटाखालच्या एका शिवारात असाच प्रकार घडला होता. शेजारच्या धुऱ्यावर ३३० वॉटची दोन जुनी पॅनेल १०० व्होल्टच्या कंट्रोलरवर वर्षानुवर्षे चालत होती, ते पाहून एका शेतकऱ्याने तीच जोडणी ५४० वॉटच्या पॅनेलवर केली. जुन्या पॅनेलचे व्हीओसी सुमारे ४६ व्होल्ट, म्हणजे दोघांचे मिळून ९२, आणि ते गारठ्यातही शंभरीच्या काठावरच थांबत होते. नव्या जोडीने काठ ओलांडला. शेतकऱ्याने बॅटरी बदलली, मशीन बदलले, तारा बदलल्या आणि लेबल मात्र शेवटपर्यंत वाचले नाही.

यावर गावोगाव चालणारे उपाय तर खर्चावर खर्च आणि उपयोग शून्य अशा जातीचे आहेत. मोठा फ्यूज बसवल्याने काहीही साधत नाही, कारण फ्यूज जादा करंटने वितळतो, जादा व्होल्टेजची त्याला जाणीवच नसते. एकसर डायोड टाकल्याने एखादा व्होल्टही उतरत नाही. कंट्रोलरला पंखा लावणे निरर्थक आहे, कारण तो उष्णतेने मरत नसून पॅनेलच्या थंडीने मरतो. पॅनेलवर रात्री पोते झाकून उन्हे चढल्यावर काढण्याची युक्ती तर अधिकच घातक, कारण पोत्याखाली गार राहिलेल्या पॅनेलवर भर ऊन एकदम पडते.

खरा उपाय आधी गरज मोजण्यात आहे. झटका मशीन सेकंदाला साधारण एक क्षणिक स्पंद तारेत सोडते आणि त्याला वीज फारच थोडी लागते. साध्या कुंपणाला १२ व्होल्टची बॅटरी आणि ४० ते ७५ वॉटचे पॅनेल पुरते. खोपीतला दिवा, मोबाइल आणि फवारणी पंपाची बॅटरी जमेस धरली, तरी दोन ५४० वॉटच्या पॅनेलचे समर्थन होत नाही. त्यातही ३० अँपिअरचा कंट्रोलर १२ व्होल्टच्या बॅटरीला फार तर ४०० वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो, म्हणजे पहिल्याच पॅनेलने त्याची क्षमता भरते आणि एकसर जोडलेले दुसरे पॅनेल भर दुपारी काहीही न वाढवता केवळ व्होल्टेज दुप्पट करून सकाळचा धोका ओढवते. असे दुसरे पॅनेल आजच सोडवावे. ढगाळ दिवसांसाठी ते हवेच असेल, तर दोन्ही पॅनेल समांतर जोडावीत, म्हणजे धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र. तेव्हा व्होल्टेज ४९.५ च राहते व करंट दुप्पट होऊन सुमारे २८ अँपिअरपर्यंत जातो, त्याला पेलणारी जाड केबल वापरावी आणि कंट्रोलरची पॅनेलकडील करंटची मर्यादाही पडताळावी. एकसर जोडणी टाळता येत नसेल तर कंट्रोलर १५० व्होल्टचा घ्यावा. स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला, जो पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, असे मोठे पॅनेल जोडूच नये. व्होल्टेज त्याच्या मर्यादेत बसले तरी ५४० पैकी जेमतेम १७०-१८० वॉट हाती लागतात. त्याची जोडी १२ व्होल्टच्या, म्हणजे सुमारे २२ व्होल्ट व्हीओसी असलेल्या छोट्या पॅनेलशीच.

कंट्रोलर बदलताना आधी बॅटरी जोडावी आणि मग पॅनेल, कारण बॅटरी १२ ची आहे की २४ ची हे अनेक कंट्रोलर तिच्यावरूनच ओळखतात. सोडवताना आधी पॅनेल आणि नंतर बॅटरी.

कुंपण बंद पडल्यावर रात्रीपुरती २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे स्पष्ट समजून घ्यावे की झटका मशीनचा स्पंद सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता असतो म्हणून जनावर दचकून मागे फिरते, तर थेट लाइनचा प्रवाह सतत वाहतो आणि स्पर्श करणाऱ्याला सोडत नाही. अशा तारेला चिकटून पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसे दगावली आहेत. त्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, वन्यप्राणी मेल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो, आणि यास कोणतीही सबब चालत नाही. कंट्रोलर येईपर्यंत बॅटरी घरी चार्जरवर भरून आणावी किंवा जागल करावी.

प्रधानमंत्री कुसुम योजनेतून किंवा ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून मिळालेल्या पंपाच्या पॅनेलवरून बॅटरीसाठी वायर काढणेही तितकेच वर्ज्य आहे. तेथे अनेक पॅनेल एकसर जोडलेली असल्याने व्होल्टेज शेकड्यांत असते, ते अशा छोट्या चार्ज कंट्रोलरच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही, आणि छेडछाड आढळल्यास पंपाची देखभाल-दुरुस्तीची हमी धोक्यात येते.