काटा अडला की उत्साहही अडतो

प्रश्न : वय ४४, वजन ७८ किलो. दर वेळी जोमात सुरुवात करते. पंधरवड्यात दोन-तीन किलो उतरतात, मग काटा हलतच नाही आणि सगळं बंद पडतं. उत्साह टिकवायचा कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काटा थांबला म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. सुरुवातीला उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. जेवण कमी केलं की दोन्ही जातात. चरबी सावकाश उतरते, आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तमच. त्यात पाळीच्या आधी पाणी साठून काटा वर जातो. म्हणून रोज काट्यावर उभ्या राहू नका. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. चार किलो उतरले तरी रक्तदाब, साखर यांत फरक पडू लागतो.

उत्साहावर मात्र विसंबू नका, तो येतो-जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज निघाला २५४ दिवसांचा! मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तेव्हा एकच सवय निवडा आणि ठरलेल्या कामाला जोडा : रात्रीची भांडी आवरली की वीस मिनिटं चालणं. लग्नात जेवण जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी उपास नको (साबुदाण्याच्या खिचडीचा तर नकोच), नेहमीसारखं चालायला जा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तेवढी करून घ्या.