वकिली आणि लोकसेवा



धार आणि देवास येथे पवारांच्या काळापासून स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांत मुलाने किंवा मुलीने "मला वकील व्हायचंय" असे म्हटले, की वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, "प्रॅक्टिस चालेल का?" प्रश्न रास्तच आहे. परंतु वकिलाच्या ज्ञानाचा समाजाला काय उपयोग, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. म्हणून आज आपण आपल्याप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या एका मराठी वकिलाची ओळख करून घेऊ.

गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. १९०२ मध्ये ते शिक्षणासाठी अहमदाबादला आले. पुढे मुंबईत कायद्याची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस झाले. म्हणजे वकिली आणि समाजकार्य यांचा आरंभ एकाच वर्षी झाला. आधी पैसा, मग सेवा, असा क्रम त्यांनी लावला नाही.

१९१६ मध्ये ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. पुढच्याच वर्षी अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील पिके बुडाली. पीक चार आण्यांहून, म्हणजे नेहमीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आले, तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली तहकूब करावी, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आतच आहे. अधिकारी ते मानीत नव्हते. गुजरात सभेने अर्ज-विनंत्या केल्या. त्यांचा उपयोग न झाल्याने १९१८ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेवटी गरीब शेतकऱ्यांकडील वसुली थांबली. येथे लक्षात घ्यावे, की ही दयेची याचना नव्हती. सरकारच्याच नियमावर बोट ठेवून केलेली ती मागणी होती. असा नियम शोधून लोकांना समजावून सांगणे, हेच कायदा जाणणाऱ्याचे काम.

स्वातंत्र्यलढ्यात मावळंकरांना तुरुंगवास घडला. तेथे भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांमधील माणुसकीच्या हकिगती त्यांनी गुजराती पुस्तकात लिहून ठेवल्या. १५ मे १९५२ रोजी ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपल्या गावाकडे वळू. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत; देवासला कारखान्यांतील कामगार मोठ्या संख्येने राहतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार आणि अटकेत असलेल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यासाठी त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात "जिला विधिक सेवा प्राधिकरण" अशी पाटी दिसते, तेथे साध्या कागदावरही अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट समजून घ्यावा.

आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना किंवा शेजारच्या कामगारकाकांना हे ठाऊक आहे का? नसेल, तर त्यांना सांगायला सनद लागत नाही. एवढे काम आपण आजही करू शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न :
१. 'चार आणे पीक' म्हणजे काय?
२. मोफत वकील कोणाकोणाला मिळू शकतो?
३. लोकअदालतीचा एक फायदा आणि घ्यावयाची एक काळजी सांगा.
४. घरातील मोठ्या माणसांबरोबर जाऊन आपल्या जिल्हा न्यायालयातील या कार्यालयाची वेळ विचारून या आणि ती वर्गात फळ्यावर लिहा.