चिपाडातून निघणारं रसायन, ओतकामातलं करिअर

उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं, हे साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना सांगावं लागत नाही. पण त्याच चिपाडातून असं एक रसायन मिळतं, ज्याच्या आधारावर लोखंडी ओतकामाचे साचे उभे राहतात. बारावीला रसायनशास्त्र आवडतं, पण पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या घरांनी ही वाट समजून घ्यायला हवी.

चिपाड, मक्याची बुरकुंडं, ओटची टरफलं यांत पेंटोसान नावाचे शर्करायुक्त घटक असतात. आम्ल आणि वाफ यांच्या साहाय्याने त्यांपासून फरफ्युरल मिळतं. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने 1920च्या दशकात ओटच्या टरफलांपासून त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. फरफ्युरलवर हायड्रोजनची प्रक्रिया केली की फरफ्युरिल अल्कोहोल तयार होतं आणि त्यापासून फ्युरान रेझिन.

या रेझिनचा सर्वाधिक वापर फौंड्रीत होतो. वाळूत आधी आम्लधर्मी हार्डनर, मग वाळूच्या वजनाच्या साधारण एक टक्का रेझिन मिसळतात. साचा भट्टीत न भाजता, कारखान्यातल्या तापमानालाच घट्ट होतो.

खरं कौशल्य पुढे लागतं. उन्हाळ्यात मिश्रण लवकर आवळतं, थंडीत रेंगाळतं. त्यानुसार हार्डनर बदलावा लागतो. रेझिनमध्ये नायट्रोजन जास्त असेल, तर कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं पडू शकतात. दोष वाळूत, रेझिनमध्ये की धातूत, हे शोधणारा माणूस कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या फौंड्रीपट्ट्यात मोलाचा ठरतो.

उपयोग इथेच संपत नाहीत. आम्लाला तोंड देणाऱ्या विटांच्या जोडणीसाठी फ्युरानचं मॉर्टर वापरतात. नॉर्वेची केबोनी कंपनी पाइनसारखं मऊ लाकूड फरफ्युरिल अल्कोहोलने टिकाऊ बनवते. अमेरिकेच्या स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा ज्या कार्बनच्या होत्या, तो घडवतानाही हे रसायन वापरलं गेलं होतं.

‘फ्युरान रेझिन’ नावाची स्वतंत्र पदवी शोधू नये. एका रेझिनवर आयुष्य बेतण्यापेक्षा पाया रुंद ठेवणं शहाणपणाचं. दहावीनंतर आयटीआयमधला फौंड्रीमन किंवा केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड आहे. केमिकल, मेटलर्जी, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. बारावीनंतर केमिकल किंवा पॉलिमर इंजिनिअरिंग. मुंबईत माटुंग्याची, 1933 साली सुरू झालेली आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) त्यासाठी नावाजलेली आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे.

‘केमिकलचं काम म्हणजे धोका’ ही पालकांची काळजी अनाठायी नाही. फरफ्युरिल अल्कोहोलची वाफ आणि त्वचेशी संपर्क दोन्ही अपायकारक. रेझिन आणि हार्डनर थेट एकत्र आले तर जोरदार अभिक्रिया होते. म्हणून मुलाला किंवा मुलीला अप्रेंटिसशिपला पाठवण्याआधी कारखाना पाहून यावा. हवा खेळती आहे का, रेझिन आणि हार्डनर वेगवेगळे साठवतात का, हातमोजे-गॉगल रोज मिळतात का आणि वाळूची प्रयोगशाळा आहे का, एवढं विचारावं. प्रयोगशाळा असेल, तर शिकाऊ मुलांना तिथेही बसवतात का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं.